एचआयव्ही मुळापासून बरा करण्याचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'एचआयव्हीवर अखेर रामबाण उपाय सापडला' अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी येते आणि मग आमच्याकडे प्रश्नांची रांग लागते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. अशी कोणतीही बातमी वाचताना एक गोष्ट आधी शोधा: त्या माणसाच्या गोळ्या बंद करून किती काळ झाला आणि तरीही विषाणू परतलेला नाही का? बातमीत याचं उत्तर नसेल, तर ती बरं होण्याची बातमी नाही.

१. एचआयव्ही पूर्ण बरा होतो का? हो की नाही, एवढंच सांगा.

आज एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) सेंटरवर मिळणाऱ्या औषधांनी नाही. ती विषाणूला आयुष्यभर दाबून ठेवतात आणि माणूस इतरांसारखं पूर्ण आयुष्य जगू शकतो, पण विषाणू शरीरातून जात नाही. जगात दहाच्या आसपास माणसं बरी झाल्याचं मानलं जातं. त्या सगळ्यांना रक्ताचा कर्करोग किंवा तसाच गंभीर रक्तविकार होता आणि त्यासाठी त्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं होतं. त्यांची हकीकत प्रश्न ६ मध्ये आहे.

२. माझ्या रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहिलंय. म्हणजे विषाणू संपला ना?

नाही. व्हायरल लोडची तपासणी रक्तात मोकळे फिरणारे विषाणू मोजते. पेशींच्या आत दडून बसलेला विषाणू तिला दिसत नाही. तरीही हा रिपोर्ट आनंदाचाच आहे. व्हायरल लोड असाच दबलेला राहिला तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. मोठ्या अभ्यासांत हजारो जोडप्यांवर हे पडताळून पाहिलं आहे. फक्त हा रिपोर्ट गोळ्यांमुळे आलेला आहे. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत विषाणू दोन ते चार आठवड्यांत रक्तात परत दिसू लागतो.

३. इतकी वर्षं गोळ्या घेऊनही तो मरत का नाही? लपतो तरी कुठे?

हे उत्तर नीट वाचा. पुढचं सगळं संशोधन याच्याभोवती फिरतं.

एचआयव्ही सीडी-४ पेशीत, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत, शिरतो तेव्हा स्वतःच्या आरएनएची डीएनए प्रत बनवतो आणि ती त्या पेशीच्या डीएनएमध्ये जोडून टाकतो. यातल्या बहुतेक पेशी विषाणू तयार करता करता मरतात. काही थोड्या मात्र विश्रांतीत जातात. या जुन्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या पेशी असतात आणि वर्षानुवर्षं जगणं हेच त्यांचं काम असतं. त्यांच्यात विषाणूचा मजकूर पडून असतो, पण तो वाचला जात नाही. विषाणूची प्रथिनंच बनत नसल्यामुळे रोगप्रतिकारशक्तीला त्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात. औषधांनाही तिथे काही करता येत नाही, कारण एआरटीची औषधं विषाणूच्या नव्या प्रती बनण्यात अडथळा आणतात. जिथे प्रतीच बनत नाहीत तिथे ती अडवणार काय? शेतकऱ्यांना लव्हाळा माहीत असतो. वरून कितीही खुरपला तरी जमिनीतल्या गाठी शाबूत राहतात.

या दडलेल्या पेशींना संशोधक 'रिझर्व्हॉयर' म्हणतात. आपण साठा म्हणू. १९९७ साली अमेरिकेतल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की उत्तम उपचार चालू असतानाही हा साठा टिकून राहतो. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी तीन औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला होता आणि दोन-तीन वर्षं औषधं दिली की विषाणू संपेल, असं गणित मांडलं जात होतं. ते गणित तिथेच कोसळलं. बाल्टिमोरच्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने पुढे मोजलं की हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. या वेगाने तो आपोआप संपायला ७० हून जास्त वर्षं लागतील.

साठा फार मोठाही नसतो. विश्रांतीतल्या साधारण दहा लाख सीडी-४ पेशींत एखाद्याच पेशीत पुन्हा उठू शकणारा विषाणू सापडतो. पण या पेशी रक्तापेक्षा लसिका ग्रंथींत आणि आतड्याच्या अस्तरात जास्त असतात. शिवाय त्या स्वतः विभागतात, म्हणजे नवा संसर्ग न होताही त्यांच्या जुळ्या पेशी तयार होत राहतात.

४. 'सी' प्रकारची कावीळ तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते. मग एचआयव्हीच का नाही?

हेपेटायटिस सीचा विषाणू माणसाच्या डीएनएमध्ये स्वतःला जोडत नाही. त्याच्या प्रती बनणं काही आठवडे पूर्ण बंद ठेवलं की तो संपतो, मागे साठा उरत नाही. एचआयव्हीत तो उरतो (प्रश्न ३). म्हणून एकाची औषधं दुसऱ्यावर चालत नाहीत.

५. बातम्यांत 'फंक्शनल क्युअर' असं येतं. ते वेगळं काय?

विषाणू पुन्हा वाढू शकेल अशी एकही पेशी शरीरात न उरणं हा पहिला प्रकार. विषाणू उरला आहे, पण औषधाशिवाय शरीरच त्याला दाबून ठेवतं आणि माणूस आजारीही पडत नाही, हा दुसरा. त्यालाच फंक्शनल क्युअर किंवा दीर्घ 'रेमिशन' म्हणतात. ट्रान्सप्लांट झालेली माणसं बहुधा पहिल्या प्रकारात मोडतात. सध्याचं बरंचसं संशोधन दुसऱ्या प्रकाराच्या मागे आहे, कारण तो गाठणं जास्त शक्य दिसतं.

६. बर्लिनचा पेशंट, लंडनचा पेशंट ही काय भानगड आहे? ते खरंच बरे झाले?

हो, खरंच. तिमोथी रे ब्राउन हा बर्लिनमध्ये राहणारा अमेरिकन. एचआयव्ही होताच, त्यात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. त्याचे डॉक्टर गेरो ह्युटर यांच्या डोक्यात एक कल्पना आली. एचआयव्हीला पेशीत शिरायला पेशीवरच्या सीडी-४ या प्रथिनाशिवाय आणखी एक दार लागतं आणि बहुतेक वेळा ते सीसीआर-५ नावाचं असतं. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे एक टक्का लोकांना आई आणि वडील दोघांकडून या जनुकाची तुटकी प्रत मिळालेली असते. त्याला 'डेल्टा-३२' म्हणतात. या लोकांच्या पेशींवर ते दारच नसतं. मग ल्युकेमियासाठी बोन मॅरोतल्या, रक्त बनवणाऱ्या मूळपेशी घ्यायच्याच आहेत, तर अशाच दात्याच्या का घेऊ नयेत? २००७ मध्ये ट्रान्सप्लांट झालं आणि एचआयव्हीच्या गोळ्या तेव्हापासूनच बंद झाल्या. ल्युकेमिया उलटल्यामुळे २००८ मध्ये त्याच दात्याच्या पेशी पुन्हा दिल्या. त्या दुसऱ्या खेपेत तो मरता मरता वाचला. एचआयव्ही मात्र कधीच परतला नाही. २०२० मध्ये तो वारला तो ल्युकेमियाने.

बारा वर्षं तो एकटाच होता आणि हा निव्वळ योगायोग असावा असं म्हणणारेही बरेच होते. २०१९ मध्ये लंडनच्या अ‍ॅडम कॅस्टिलेहोची केस जाहीर झाली. त्याचं संशोधन भारतीय वंशाच्या रवींद्र गुप्तांच्या गटाचं. कॅस्टिलेहोला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) होता आणि २०१७ पासून त्याच्या गोळ्या बंद होत्या. पुढे ड्युसेलडॉर्फचा मार्क फ्रांके आणि कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप रुग्णालयातला पॉल एडमंड्स आले. एडमंड्स १९८८ पासून पॉझिटिव्ह होता आणि ट्रान्सप्लांटच्या वेळी त्याचं वय ६३ होतं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या न्यूयॉर्कच्या महिलेला नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी दिल्या होत्या. मिश्र वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा डेल्टा-३२ दाता मिळणं जवळपास अशक्य असतं आणि नाळेच्या रक्ताला तितकं तंतोतंत जुळावं लागत नाही, म्हणून ती केस महत्त्वाची.

७. ट्रान्सप्लांट तर आपल्याकडे मुंबई-पुण्यातही होतात. खर्चाची तयारी आहे, भाऊ मॅरो द्यायला तयार आहे. माझं करता येईल का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि बहुतेकदा घरातलं थोरलं माणूस विचारतं. उत्तर 'नाही' असंच आहे आणि त्यात पैशाचा प्रश्न नाही. ट्रान्सप्लांटसाठी आधी जबर केमोथेरपीने किंवा रेडिएशनने स्वतःचा मॅरो नष्ट करावा लागतो. त्यानंतर संसर्गाने किंवा दात्याच्या पेशींनी शरीरावर केलेल्या हल्ल्याने मृत्यू येण्याची शक्यता बरीच असते. कर्करोगाने जीव जाणारच असेल तर हा धोका पत्करतात. एचआयव्ही असून तब्येत चांगली असलेल्या माणसाला तो द्यायला कोणताही प्रामाणिक डॉक्टर तयार होणार नाही, कारण रोजच्या एका गोळीने त्याचं काम चाललेलं असतं. शिवाय डेल्टा-३२ भारतात फारच दुर्मीळ आहे. भावाकडे तो असण्याची आशा जवळपास शून्य.

एचआयव्ही असलेल्याला खरोखरच ल्युकेमिया किंवा लिम्फोमा झाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा ट्रान्सप्लांट कर्करोगासाठी होतं आणि एआरटी चालूच ठेवतात.

८. जिनिव्हाच्या पेशंटचा दाता साधाच होता म्हणे, डेल्टा-३२ नसलेला. मग ते दार बंद असणं गरजेचं नाही का?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. साध्या दात्याकडून ट्रान्सप्लांट झालेल्या बोस्टनच्या दोघांच्या रक्तात विषाणू अजिबात सापडेना, म्हणून २०१३ मध्ये त्यांच्या गोळ्या थांबवल्या. एकाचा विषाणू १२ आठवड्यांनी परतला, दुसऱ्याचा ३२ आठवड्यांनी. त्यावरून दार बंद असलंच पाहिजे असं सगळ्यांनी धरलं. मग २०२३ मध्ये जिनिव्हाची केस जाहीर झाली. दाता साधा, गोळ्या २०२१ पासून बंद आणि विषाणू परतलेला नाही. २०२४ मध्ये बर्लिनचाच दुसरा पेशंट पुढे आला. त्याच्या दात्याकडे तुटक्या जनुकाची एकच प्रत होती, दुसरी शाबूत. तोही २०१८ पासून औषधांशिवाय आहे.

आता समजूत अशी आहे की दात्याच्या नव्या पेशी रुग्णाच्या जुन्या पेशींवर हल्ला करतात आणि त्यात साठाही साफ होतो. हा हल्ला पुरेसा झाला तर दार बंद असण्याची गरज पडत नसावी.

उलटा अपवादही आहे. काही विषाणू सीसीआर-५ ऐवजी सीएक्ससीआर-४ नावाच्या दुसऱ्या दाराने शिरतात. जर्मनीतल्या एसेनमध्ये एका रुग्णाला डेल्टा-३२ दात्याच्या पेशी देऊनही विषाणू याच दुसऱ्या दाराने परतला.

९. 'शॉक अँड किल' म्हणजे काय? ते यशस्वी झालं का?

झोपलेल्या पेशींना औषधाने जागं करायचं, म्हणजे त्या विषाणू बनवू लागतील, रोगप्रतिकारशक्तीला दिसतील आणि मारल्या जातील. एआरटी चालू असल्यामुळे बाहेर पडलेला विषाणू नव्या पेशीत शिरू शकणार नाही. कागदावर झकास. २०१२ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने कर्करोगावरचं व्होरिनोस्टॅट देऊन दाखवलं की साठ्यातल्या पेशी जाग्या होतात. पण त्या जाग्या झाल्या तरी मेल्या नाहीत. ब्रिटनमधल्या 'रिव्हर' चाचणीत ६० जणांपैकी निम्म्यांना एआरटीबरोबर व्होरिनोस्टॅट आणि रोगप्रतिकारशक्ती चेतवणारी लस दिली. २०२० मध्ये निकाल आला: दोन्ही गटांच्या साठ्यात काहीच फरक नाही.

कल्पना पूर्ण सोडलेली नाही. २०२५ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी कोविड लशीतल्यासारख्या चरबीच्या सूक्ष्म कणांतून एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) थेट झोपलेल्या पेशीत पोहोचवला आणि विषाणूला जागं केलं. त्या बातमीने आपल्याकडे बराच धुरळा उडाला. प्रयोग मात्र रुग्णांनी दिलेल्या पेशींवर, प्रयोगशाळेतल्या भांड्यात झाला होता. जागं झाल्यावर मारायचं कसं हा प्रश्न तसाच आहे.

१०. आणि 'ब्लॉक अँड लॉक'?

याच्या बरोबर उलटं. पेशीला इतकं गाढ झोपवायचं की औषधं थांबवली तरी विषाणू उठू नये. यासाठी विषाणूच्या 'टॅट' नावाच्या प्रथिनाला अडवणाऱ्या रेणूंवर काम चालू आहे. प्राण्यांतले निकाल आशादायक आहेत, माणसांत फार काही झालेलं नाही.

११. क्रिस्परने डीएनएमधून विषाणू कापून काढला असं वाचलं. मग राहिलं काय?

राहिलं बरंच. 'ईबीटी-१०१' या उपचारात एका निरुपद्रवी विषाणूच्या आत क्रिस्परची, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणारी, कात्री घालून ती शिरेतून एकदाच देतात. माणसात पहिला डोस २०२२ मध्ये दिला गेला. उपचार सुरक्षित वाटला ही मोठी गोष्ट. पण २०२४ मध्ये सांगितलेल्या निकालांनुसार ज्या तिघांनी गोळ्या थांबवल्या, त्या तिघांतही विषाणू परतला. एकाला १६ आठवडे मिळाले. अडचण कापण्यात नाही, पोहोचण्यात आहे. दहा लाखांतली ती एक पेशी आतड्याच्या अस्तरात असेल तर कात्री तिथपर्यंत न्यायची कशी?

दुसरी वाट आहे ती विषाणू कापण्याऐवजी रुग्णाच्याच पेशींमधलं सीसीआर-५ मोडण्याची. अमेरिकेत १२ जणांवर हे झालं आणि त्याचे निकाल २०१४ मध्ये आले. बदललेल्या पेशी शरीरात टिकल्या, पण एकूण पेशींत त्यांचा वाटा इतका कमी होता की आजार बरा होण्याइतका परिणाम झाला नाही.

यावरूनच 'बाळ पोटात यायच्या आधीच हे जनुक मोडलं तर?' असंही विचारलं जातं. चीनच्या हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच केलं आणि तुरुंगात गेले. त्या बाळांना त्याची गरजही नव्हती. आईबाप पॉझिटिव्ह असले तरी औषधांनी बाळाची लागण टळते.

१२. सध्या सगळ्यात जास्त आशा कशातून आहे?

आमच्या मते अँटिबॉडीजमधून. एचआयव्ही असलेल्या काही मोजक्या लोकांच्या शरीरात अशा अँटिबॉडीज बनतात, ज्या विषाणूच्या अनेक जातींना एकदम निकामी करतात. प्रयोगशाळेत बनवून त्या इंजेक्शनने देता येतात आणि त्यांत थोडा बदल केला की महिनोन्‌महिने टिकतात. ब्रिटन-डेन्मार्कमधल्या 'रिओ' चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले. अँटिबॉडीज दिल्यानंतर गोळ्या थांबवलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत २० आठवड्यांनीही विषाणू दबलेला होता. अँटिबॉडीज न दिलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण साधारण दहातला एक इतकंच. काहींमध्ये तर अँटिबॉडीज शरीरातून संपल्यानंतरही नियंत्रण टिकलं. त्या औषध म्हणून काम करून थांबत नाहीत, रोगप्रतिकारशक्तीला काहीतरी शिकवून जातात, असं यावरून वाटतं. हे शिकवणं नेमकं कसं घडतं याचा शोध चालू आहे.

आपल्या दृष्टीने त्याहून मोलाची चाचणी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची. तिथल्या २० तरुणींना दोन अँटिबॉडीज आणि रोगप्रतिकारशक्ती चेतवणारं एक औषध दिलं. चौघी ५५ आठवड्यांच्या अभ्यासाच्या शेवटपर्यंत औषधांशिवाय राहिल्या. चार हा आकडा छोटा वाटेल. पण हे संशोधन बहुतेक अमेरिका-युरोपातल्या पुरुषांवर आणि तिथल्या 'बी' उपप्रकाराच्या विषाणूवर झालेलं आहे. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मुख्यतः 'सी' उपप्रकार आहे. डर्बनमध्ये वापरलेल्या दोन अँटिबॉडीजपैकी एक त्याच भागातल्या एका स्त्रीच्या शरीरात सापडलेली होती. बोस्टनमध्ये लागू पडलेली अँटिबॉडी सांगलीच्या रुग्णाच्या विषाणूवर चालेलच असं नाही. म्हणून डर्बनच्या बातम्यांवर जास्त लक्ष ठेवा.

१३. वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आलंय. ती लस आहे की इलाज?

दोन्ही नाही. लेनाकापाविर हे विषाणूरोधक औषध आहे. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुणींना ते दिलं आणि त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. म्हणून त्याचा इतका गाजावाजा झाला. पण तो एचआयव्ही नसलेल्यांना लागण होऊ नये यासाठीचा वापर आहे. आधीच पॉझिटिव्ह असलेल्याने केवळ हे इंजेक्शन घेऊन गोळ्या सोडल्या तर विषाणू त्याला दाद देईनासा होण्याचा धोका आहे. स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे.

लस अजून नाही. 'इम्बोकोडो' आणि 'मोझाइको' या दोन मोठ्या चाचण्या २०२१ आणि २०२३ मध्ये उपयोग होत नाही म्हणून थांबवल्या. भारतातली पहिली लस-चाचणी २००५ मध्ये पुण्यात भोसरीच्या 'नारी' या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झाली होती. तीही प्रतिबंधक लशीची होती.

१४. जन्मल्याबरोबर औषध दिलं तर बाळ बरं होतं का? अमेरिकेत झालं होतं ना?

मिसिसिपीतल्या एका बाळाला जन्मानंतर ३० तासांत तीन औषधं सुरू केली. साधारण १८ महिन्यांनी उपचार सुटला, तरी विषाणू सापडेना. २०१३ मध्ये ही बातमी जगभर गाजली. २०१४ मध्ये, औषधांशिवाय २७ महिने काढल्यानंतर, विषाणू परतला. तेव्हापासून या क्षेत्रातली माणसं 'बरा झाला' हे शब्द फार जपून वापरतात.

पण ते बाळ वाया गेलं असं नाही. फार लवकर औषधं दिली तर साठा लहान राहतो, हे त्यातून पक्कं झालं. बोट्स्वानामध्ये लवकर उपचार सुरू झालेल्या २५ मुलांची औषधं थांबवून त्यांना फक्त अँटिबॉडीज दिल्या, तेव्हा ४४ टक्के मुलांत २४ आठवडे विषाणू दबलेला राहिला.

१५. आमच्या ओळखीत एक जण आहे, वीस वर्षं पॉझिटिव्ह, गोळी नाही आणि ठणठणीत. मग गोळ्या खरंच लागतात का?

अशी माणसं असतात, पण शंभरात एकही नाही. त्यांना 'एलिट कंट्रोलर' म्हणतात. त्यांच्या टी-पेशी विषाणूच्या नेमक्या नाजूक जागी हल्ला करतात. कॅलिफोर्नियाच्या लोरीन विलेनबर्ग यांच्या दीड अब्ज पेशी तपासूनही पुन्हा वाढू शकणारा विषाणू सापडला नाही. ट्रान्सप्लांटशिवाय असं घडलेली ही पहिली नोंद. पुढे अर्जेंटिनातल्या एका स्त्रीबद्दलही तसंच आढळलं.

तुमचे ओळखीचे त्यांच्यापैकी आहेत की आतून सीडी-४ घसरत असूनही ठणठणीत दिसताहेत, हे रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही. खऱ्या कंट्रोलरनासुद्धा आता औषधं घ्यायलाच सुचवतात.

फ्रान्समध्ये आणखी एक गट आहे. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच उपचार सुरू केलेल्या १४ जणांनी सुमारे तीन वर्षांनी औषधं सोडली आणि पुढे अनेक वर्षं विषाणू दबलेला राहिला. हे अपवाद आहेत. तसेच सोडणारे बाकीचे बहुतेक जण विषाणू परतलेला पाहतात.

१६. मुलाची एचआयव्ही टेस्ट आता निगेटिव्ह येते. आधी पॉझिटिव्ह होती. तो बरा झाला?

घाई करू नका. याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. पॉझिटिव्ह आईच्या बाळात आईच्या अँटिबॉडीज दीड वर्षापर्यंत राहू शकतात. नेहमीची टेस्ट अँटिबॉडीजच शोधते, म्हणून ती पॉझिटिव्ह आली तरी बाळाला लागण झालेलीच नसेल, असं होऊ शकतं. उलट, लागण झालेल्या बाळाला फार लवकर औषधं सुरू केली तर त्याच्या शरीरात स्वतःच्या अँटिबॉडीज नीट बनतच नाहीत आणि टेस्ट निगेटिव्ह येते, पण साठ्यात विषाणू असतो. दोन्हींतला फरक जुन्या डीएनए-पीसीआरच्या (थेट विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टवरून कळतो. ते कागद घेऊन एआरटी सेंटरला जा. तोवर औषध थांबवू नका.

१७. एका वैद्यांनी सहा महिन्यांत एचआयव्ही मुळापासून काढतो म्हणून सांगितलंय. करून बघायला काय हरकत?

हरकत आहे. औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियमांच्या 'जे' परिशिष्टात ज्या आजारांवर इलाजाचा दावा करायला बंदी आहे त्यांची यादी आहे. त्यात एड्स आहे. म्हणजे असा दावा करणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो. आयुर्वेदाशी आमचं भांडण नाही. पण ही मंडळी हमखास दोन गोष्टी करतात: एआरटी बंद करायला लावतात आणि 'सीडी-४ वाढला' म्हणून रिपोर्ट दाखवतात. त्यांना गोळ्यांशिवायचा व्हायरल लोड मागा. तो कधीच मिळत नाही.

१८. कंपन्यांनी इलाज दाबून ठेवलाय का? गोळ्यांचा धंदा बुडेल म्हणून?

संशय समजतो. एकेकाळी एआरटी इतकी महाग होती की भारतीय कंपन्यांनी स्वस्त औषधं बनवेपर्यंत गरीब देशांतली माणसं मरत राहिली. पण मूळ इलाजाचं संशोधन बरंचसं सरकारी पैशावर, विद्यापीठांत, एकमेकांशी चुरस करणाऱ्या डझनभर देशांतल्या गटांत होतं. इतक्या जणांनी मिळून गप्प बसणं अवघडच. शिवाय हेपेटायटिस सी मुळापासून बरा करणारं औषध विकून याच धंद्यातल्या कंपनीने अब्जावधी डॉलर मिळवले आहेत.

१९. स्वतःच महिनाभर गोळ्या थांबवून बघितलं तर? मी त्या भाग्यवंतांपैकी असेन कदाचित.

बघू नका. 'स्मार्ट' नावाच्या मोठ्या चाचणीत साडेपाच हजार लोकांपैकी निम्म्यांनी सीडी-४ चांगला असताना औषधं थांबवली होती. त्या गटात आजार आणि मृत्यू जास्त झाले, म्हणून २००६ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. संशोधनात गोळ्या थांबवतात तेव्हा दर आठवड्या-दोन आठवड्यांनी व्हायरल लोड बघतात आणि ठरलेल्या मर्यादेवर गेला की लगेच औषध सुरू करतात. सेंटरवर तुमचा व्हायरल लोड साधारण वर्षातून एकदा होतो. त्यात हा खेळ करता येत नाही.

२०. भारतात अशा चाचण्या होतात का? नाव कुठे द्यायचं?

भारतात मंजूर झालेली प्रत्येक चाचणी 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत दिसते. ती कोणालाही ऑनलाइन पाहता येते. तिथे नाव नसेल तर ती चाचणी नव्हे. चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, नैतिकता समितीची मंजुरी असते आणि तुमच्या भाषेतलं संमतीपत्र मिळतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तुम्हाला कोणत्याही संशोधनात घेता येत नाही. शंका असेल तर सेंटरच्या समुपदेशकाला विचारा किंवा १०९७ वर फोन करा. तो मोफत आहे.

२१. किती वर्षं लागतील? माझ्या हयातीत होईल का?

वर्ष सांगणारा माणूस भेटला तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका. आम्हाला दिसतं ते एवढं: येणारा उपचार एकाच औषधाचा नसेल, दोन-तीन गोष्टी एकत्र द्याव्या लागतील. आणि तो आधी लागण होताच उपचार सुरू केलेल्यांना लागू पडेल, कारण त्यांचा साठा लहान असतो. २००४ मध्ये एप्रिलमध्ये सरकारने मोफत एआरटी सुरू केली. जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होतं. तेव्हापासून गोळ्या घेणाऱ्या कित्येकांना आता रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखीची चिंता जास्त असते. तुमच्या हाती आज असलेली गोष्ट म्हणजे साठा वाढू न देणं. त्यासाठी गोळी चुकवायची नाही.

२२. कुणी चाचणीसाठी गोळ्या थांबवल्या तर त्याच्या जोडीदाराचं काय?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, पण विचारायलाच हवा. गोळ्या थांबल्या की प्रश्न २ मधली सुरक्षितता संपते. विषाणू परतल्याचं रिपोर्टमध्ये दिसेपर्यंत काही दिवस जातात आणि त्या काळात जोडीदाराला लागण होऊ शकते. परदेशात अशा चाचण्यांदरम्यान जोडीदारांना लागण झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून चांगल्या चाचण्यांत जोडीदाराला आधीच सगळं सांगतात, त्याला लागण टाळणारी प्रेप औषधं देऊ करतात आणि गोळ्या थांबवल्याच्या पूर्ण काळात कंडोम वापरायला सांगतात. संमतीपत्रात जोडीदाराचा उल्लेखच नसेल, तर सही करण्याआधी त्याबद्दल लेखी उत्तर मागा.